न गेलेला मेल

वडशाच्या आमच्या नाटक कंपनीत एक लिनक्सवाला कम्प्युटर होता. मेलच्या लिंकवर क्लिक केलं, का भलताच, बंद पडलेला मेल प्रोग्राम उघडे. मॅनेजर मनोहरभाऊनं त्याच्यातूनच एका गावाले नाटकाची तारीख कळवली. मेल गेलाच नाई. आम्ही वीस माणसं ट्रक घेऊन पोचलो, तं गावाले पत्ताच नाई! पोटात कावळे ओरडून राह्यले. मंग गावानं आम्हाले दोघं-दोघं घरोघरी वाटून घेतलं. त्या लाखोरीच्या डाळीची चव अजून जिभेवर हाये.

परत आल्यावर मी सेटिंगमधी बरोबर प्रोग्राम लावून देला. आता मेल पोचते, अन् गावात जेवणाचे डबे तयार राह्यते.

परवा डबा उघडून भाऊ मले म्हणाले, "काऊन सुधरवलं बे तुनं? परत बिघडव ना!"