आधी चीक, मग बिल्ला

आजच्या माझ्या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले मोठे साहेब, व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, आणि मागे दाराशी दाटीवाटीनं उभे असलेले माझे गोठ्यातले सोबती,

प्रयोगशाळेतल्या बाईंनी एकतीस वर्षांत कधी आवाज चढवला नाही, असं साहेब आत्ता कौतुकानं म्हणाले. खरंय. जाता जाता ती कसर भरून काढते!

या महिन्यात सात वासरं दगावली. ठपका गोठ्यातल्या काकूंवर. चीक पाजण्यात हयगय केली म्हणे, आणि उद्यापासून त्यांना कामावरून कमी केलंय. का हो, वासरांना कुणी विचारलं? मी विचारलं. वासरू जन्मतं तेव्हा रोगाशी झुंजायचं बळ त्याच्या रक्तात जवळपास नसतंच. ते आईच्या चिकातून, पहिल्या दाट दुधातून येतं, तेही पहिल्या काही तासांतच आतड्यातून रक्तात उतरतं. दिवस उलटला की दार बंद. मग बादलीभर पाजा, नुसतं पोट भरेल. म्हणून मी दुसऱ्या दिवशी रक्त काढते, यंत्रात फिरवते, वरच्या पिवळ्या पाण्याचा थेंब नळकांड्याच्या काचेवर टाकते आणि डोळा लावून, किती बळ रक्तात उतरलं त्याचा आकडा वाचते.

गेलेल्या सातही वासरांचा आकडा कमी होता. कारण आपला नियम! आधी वजन, मग कानात बिल्ला, मग चीक. आणि बिल्ला मारणारे कारकून उगवणार दिवसातून एकदाच, सकाळी दहाला. दुपारी जन्मलेल्यानं तोवर काय हवा प्यायची? रजिस्टरात मात्र ‘चीक पाजला’ अशी सुबक खूण.

याच महिन्यात जन्मलेल्या बाकी सहा वासरांचा आकडा मात्र उत्तम निघाला. काकूंना विचारलं, तर त्या रडकुंडीला आल्या. “बाई, कुणाला सांगू नका हं, ती मी बिल्ल्याआधीच पाजली.”

ऐकलंत? आणि घरी कोण जाणार, तर काकू! चोर सोडून संन्याशाला फाशी. अहवाल तीनदा टेबलावर ठेवला, साहेब. खुणावू नका, संपवतेय.

आज दुपारी एक कालवड झाली. बिल्ल्याआधी चीक पाजायला काकू धजेनात, म्हणून बाटली मी धरली. बिल्ला अजून नाही. उद्या तिचं रक्त तपासायला मी नसेन. नळकांडं पुसून ठेवलंय, आपण स्वतः डोळा लावा.

सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. काकूंची चूक मात्र पोटात घालू नका. ती झालेलीच नाही.