मैलाच्या मीटरचा उजेड

फार लख्ख वाटतोय का उजेड, श्रेयांसभाऊ? तुम्हीच म्हणालात ना, अंधार पडला की काटे दिसत नाहीत — आता दिसतायत. बल्ब बदलले, मीटरच्या डब्या आतून पांढऱ्या रंगवल्या, अर्थिंगचं टोक घासून घट्ट केलं. जुनी विलायती गाडी, एवढं लागतंच. आणि हा तुकडा काढला — वायरीत मध्येच होता, उजेड खायचा. कंपनीचा? नाही, नंतर कोणीतरी बसवलेला... बटण? उजेड कमी करायला? कशाला हो, भाऊ? — रुचीवहिनी काट्याकडे बघत बसतात, हळू चालवा म्हणतात... अस्सं. हा तुकडा जरा हातात धरा.

मदनलालशेठही ह्याच स्टुलावर बसून असेच हसले होते. ज्यांच्या घरून तुम्ही गाडी घेतली, तेच. सूरजबाई शेजारी बसायच्या; मैलाचं मीटर, साठ दिसलं की त्या मनात किलोमीटरचे शंभर करायच्या — आणि म्हणायच्या, थांबवा, मी उतरते. शेठ म्हणाले, दिवे मंद करा, म्हणजे आमच्यात शांतता होईल. आमच्या ह्यांनी सरळ नाही सांगितलं आणि जुम्म्याच्या नमाजला गेले. शेठ बसूनच. म्हणाले, खातूनताई, तुम्हाला येतं की. येत होतंच — वीस वर्षं ह्यांच्या शेजारी बसून वायरींच्या जोडांना कथलाचे डाग दिलेत मी. आणि मला गंमत वाटली हो, नवरा-बायकोची गंमत... तुकड्यावरचा हा डाग माझा आहे, भाऊ. बघा ना, मी थेंब जरा जास्तच सोडते. अजूनही.

त्याच संध्याकाळी दोघं शिरपूरला लग्नाला निघाले. चोपड्याच्या पुढे वळणावर गाडी झाडाला लागली. शेठ जागेवरच गेले. सूरजबाई मला नंतर म्हणाल्या, त्या दिवशी काटाच दिसत नव्हता गं, म्हणून मी गप्प बसले. का दिसत नव्हता, ते त्यांना अजून माहीत नाही. — गाडीला अपघात झालेला, हेही तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं? मग मी कशाला बोलले.

ही चावी घ्या. बटण मी लावणार नाही. दुसऱ्या कोणी लावून दिलं तर... जा तुम्ही, वहिनी वाट बघत असतील. शेठ गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी टोचन करून ह्याच दारात आणली होती; ह्यांनी फुटक्या काचेतून हात घालून मीटरचे मंद दिवे बंद केले, आणि माझ्याकडे बघितलं.