आधी ती आली

आजींची थोरली बहीण जिवंत निघाली. पण हे मी अजून सांगितलंच नाही असं धरा. अजून मृत्यू-नोंदणीच्या खिडकीशी आजींचा नंबर यायचाय, रांगेत नातू त्यांच्या मागे आहे आणि मी नातवाच्या मागे.

"आजी, मावशीआजीला सरळ फोन कर ना."

"भांडणानंतर आधी फोन मी केला तर ती जिंकली."

"आणि ती गेलेली असली तर?"

"तर उचलणार कोण? म्हणून आधी इथे विचारायचं."

खिडकीतल्या बाईंनी नाव शोधलं. "अशी नोंद नाही, आजी."

"नीट बघा. अबोल्याला नऊ वर्षं झाली."

"नाही म्हणजे नाही. तुमचं नाव काय?"

आजींनी सांगितलं.

"अगंबाई. परवाच एक आजी तुमची नोंद शोधत होत्या."

"माझी? सापडली?"

"आजी, तू इथे उभी आहेस."

"तू गप्प बस. काय म्हणाली ती?"

"नोंद नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मेली कुठली मरतेय. आणि अख्ख्या रांगेला चॉकलेटं वाटली."

"म्हणजे आधी ती आली. हरली. लाव रे फोन. आणि बाई, तुम्ही लिहून घ्या. आम्हा दोघी बहिणींची नावं या कार्यालयाने कोणत्याही कारणास्तव कधीही दाखल करून घेऊ नयेत, ही विनंती."