कानापुढची लोकर

माझं माहेर शिंदखेड्याच्या पलीकडचं, आईबाप शेतात राबणारे, आम्ही पाच बहिणी, आणि त्यातली नर्सचं शिक्षण घेतलेली मी एकटी. धुळ्याला देवपुरात खोली घेऊन शिकले, तिथंच मैत्रिणीच्या सायकलवर सायकल शिकले, गुडघे फोडून घेतले पण शिकले. म्हणून नोकरी लागली तेव्हा साहेब म्हणाले, सिस्टर, तुम्हाला सायकल येते ना, मग ही चार गावं तुमची. असं झालं ताई, येत होती म्हणून गळ्यात पडली. तेव्हा सायकलवर बाई म्हणजे लोक नांगर सोडून बघायचे.

आता आमच्याकडचा वारा तुम्हाला काय सांगू. चैत्रात जो सुटतो तो आषाढ सरेपर्यंत बसत नाही, आणि माझा रस्ता असा की जाताना तो बरोबर समोरून. पाय दुखतात ते दुखू द्या, पण कान! कानाशी कुणी सारखं पोतं फाडतंय असं वाटायचं, घर्र घर्र घर्र, दुसरं काही ऐकूच यायचं नाही. मागचा ट्रक खेटून गेला की मगच कळायचं. दोनदा रस्त्याकडेच्या चारीत गेले. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचा, ओ बाई, बहिरी आहे का. बहिरी नाही हो, वारा आहे वारा, पण सांगणार कुणाला, तो तर पुढं निघून गेलेला.

आणि लोक शेतातून हाका मारायचे, कुणाचं पोर तापलेलं, कुणाला गोळ्या पाहिजेत, मला ऐकू यायचं नाही, मी आपली पुढं. मग बठ्ठा, सगळा गाव बोलायला लागला, बाई माजी गई, नोकरीवाली शे ना. माजली म्हणे मी.

त्यातच ते झालं. दगाआबा म्हणून एक म्हातारे होते, त्यांचा मळा रस्त्याला लागून. त्यांची सून कमल, पहिलटकरीण, आठवा महिना. वैशाखातली दुपार, मी पलीकडच्या गावाला लस घेऊन निघालेली. कमलला मळ्यातच कळा सुरू झाल्या, आबांनी माझी सायकल जाताना पाहिली, तसेच अनवाणी रस्त्यापर्यंत पळत आले, ओरडले, पुन्हा ओरडले. मी वाऱ्यात मान खाली घालून पायडल मारत गेले. मग त्यांनी बैलगाडी जुंपली, तालुक्याच्या रस्त्याला लागले, आणि पोर गाडीतच झालं. रडलं नाही.

संध्याकाळी मला कळलं तशी मी धावत त्यांच्या घरी गेले. आबा दारात उभे. मला नाही, जमलेल्या लोकांना सांगायला लागले, मी इतला बोंबलनू, तिनी मांगे देखं बी नई. मी म्हटलं आबा, देवाशप्पथ ऐकू आलं नाही. त्यांनी दार लावून घेतलं.

वर तक्रार गेली. साहेबांनी बोलावलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, सिस्टर, कानात कापूस घालत जा. घातला, का नाही घालणार, साहेबांचा सल्ला. वाऱ्याचा आवाज कमी झाला आणि बाकीचंही बठ्ठं बंद झालं! सासूबाई म्हणाल्या स्कार्फ घट्ट बांध. बांधला, तर त्याचं टोक कानापाशी फडफड फडफड. जो तो सल्ला देणारा, आणि एकानंही कधी समोरच्या वाऱ्यात सायकल चालवलेली नाही. डोकं उठलं होतं ताई.

मग एकदा गालावरचा घाम पुसायला हात वर नेला, तळवा कानावर नाही बरं, कानाच्या पुढं, गालाच्या हाडापाशी आला आणि त्या कानातली घर्रघर्र एकदम थांबली. मागं बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती ती स्वच्छ ऐकू आली. हात काढला की पुन्हा घर्र, ठेवला की घंटा. म्हणजे कान झाकायचा नाही, वारा कानाआधी अडवायचा. इतकं साधं. घरी आले, जुना लोकरीचा स्वेटर उसवला, दोन जाड गुबगुबीत लोळे केले, नाडीवर शिवले, नाडी डोक्यावरून हनुवटीखाली, लोळे कानांच्या पुढं. पोरं मला मेंढीबाई म्हणायला लागली. म्हणोत. मला ट्रक लांबून ऐकू यायला लागला.

आणि लोक काय बोलतात तेही. एसटीच्या शेडमध्ये माणसं बसलेली, मी पुढून गेले आणि मागून आबांचा आवाज आला, हाईच ती, मना नातू खादा हिनी. त्यांचा नातू मी खाल्ला म्हणे!

सायकल वळवली. वर्षभर ऐकून घेत होते, त्या दिवशी नाही ऐकलं. आबांचा मुलगा भिका, कमलचा नवरा, तिथंच होता. मी म्हटलं भिकाभाऊ, ही माझी सायकल घ्या, वाऱ्याकडं तोंड करून जोरात जा, आबा हाक मारतील, हाक आली की थांबा. भिका निघाला. आबा जागचे हलेनात. मी म्हटलं मारा ना आबा हाक, त्या दिवशी मारली तशी मारा. उठले, ओरडले, भिका, ओ भिका, थांब रे! भिका चाललाच. पुन्हा ओरडले, गळ्याच्या शिरा ताणल्या. तो पार फरशी पुलापर्यंत गेला, आपला आपण वळून आला आणि म्हणतो, आबा, तुम्ही हाक मारी का नई? मले तर काहीच ऐकू उनं नई.

आबांनी टोपी काढली, तोंड पुसलं, घराकडं चालायला लागले. मी वर्षभर तोंडानं सांगत होते ते कुणाला पटलं नाही, पुरुषमाणूस सायकलवर बसला तेव्हा पटलं. याला काय म्हणायचं सांगा.

आबांनी माफीबिफी मागितली नाही. पुढच्या साली कमल मला रस्त्यात आडवी आली, दोन्ही हात पसरून मधोमध उभी, मी करकचून ब्रेक मारला. चौथा महिना होता तिला. मी म्हटलं, अगं, हाक मारायची ना, मी पडले असते. ती म्हणाली, बाई, मी हाक नई मारत, मले भेव वाटस. मुलगी झाली तिला, माझ्याच हातावर, ती कॉलेजात जाते आता, पाठीवर एक भाऊ आहे.

आता नव्या पोरी मोपेडवर फिरतात. नवीन साहेब मला विचारतात, सिस्टर, ड्यूटीवर हे काय बांधता कानाशी, बरं दिसत नाही. त्यांच्यासमोर काढते, फाटकाबाहेर आले की बांधते. दोन वर्षं राहिलीत नोकरीची, जातील तशीच. कमलची पोरं सुखी राहोत, आणखी काय मागायचं. पण ती अजून रस्त्यात येऊनच मला थांबवते. मी म्हणते, कमल, मला येतं गं ऐकू आता, मार की हाक. ती हसते, मान हलवते. हाक काही मारत नाही.