तीन दाबांचा ब्रेक

...आणि वर बायको विचारते, "तुम्हाला घास तरी कसा जातो हो घशाखाली?" नाही जात! कोण म्हणतं जातो म्हणून? चूक माझीच, पण आधी ऐकून तर घ्या!

तुम्हाला सांगतो, माझी रोपवाटिका आहे. रोपं, कुंड्या, खताची पोती वाहायला एक पिकअप. जुना. म्हणजे इतका जुना, की मिस्त्री त्याच्याशी अहो-जाहो करून बोलतो. आता ब्रेक लागत नव्हता असं नाही हं... लागायचा! फक्त तीनदा दाबायला लागायचा. पहिल्या दाबाला काहीच नाही, दुसऱ्या दाबाला गाडीला शंका यायची की मागून कुणी हाक मारली की काय, आणि तिसऱ्या दाबाला थांबायची. माझ्या पायाला सवय झाली होती हो! सवय झाली की माणसाला ते दुखणं वाटतच नाही.

मिस्त्री दर वेळी ओरडायचा. "शेठ, चारही चाकांना जुने ड्रम-ब्रेक आहेत, पुढच्या दोन चाकांना डिस्क-ब्रेक घालू या. नवे नका घेऊ! ह्याच गाडीचं पुढचं मॉडेल भंगारात येतं, त्याची डिस्क हिला बसते. फक्त पॅड, रबरी नळ्या आणि तेल नवंकोरं घ्यायचं, त्यात हात आखडायचा नाही." एवढं स्वस्तात सांगत होता बिचारा! आणि मी काय म्हणायचो? "बघू." दोन वर्षं मी नुसतं बघत होतो.

अशात साडूभाऊ आले. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही! बाजूच्या सीटवर बसले तरी आरसा बघतात. म्हणाले, "साडूभाऊ, एक कपाट हलवायचंय, पिकअप देता का तासभर?" मी किल्ली दिली. बायको म्हणाली चहा घेऊन जा, ते म्हणाले नको, आणि ह्या चहाच्या गडबडीत ते तीन दाबांचं सांगायचं राहिलं. चूक माझीच, पण ऐकून तर घ्या... खरं सांगू? राहिलं नाही. ओठावर आलं होतं. वाटलं, एवढ्या शिस्तीच्या माणसाला सांगायचं म्हणजे लाजच! म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे.

झालं! त्यांच्या ड्रायव्हिंग शाळेसमोर उतार. खाली शिकाऊ मंडळी रांगेत उभी, गुरुजींची वाट बघत. गुरुजींनी ब्रेक दाबला. एकदा. नियमाप्रमाणे! एका निवृत्त मुख्याध्यापिकेने साडी सावरून कुंपणावरून उडी मारली म्हणे, बाकीचे गटारात, आणि पिकअप जाऊन धडकला कशाला? शाळेच्या पाटीला! 'सावकाश चालवा' आडवं झालं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, नशीब. कपाटाचा आरसा तेवढा गेला.

आणि साडूभाऊ माझ्या दारात. टोपी हातात, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तर हा माणूस म्हणतो, "साडूभाऊ, माफ करा. माझा पाय उशिरा पडला. वय झालं माझं. गाडीचं सगळं मी करून देतो." तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय बोलावं? खरं बोलावं! मी काय बोललो? "असू द्या हो, होतं असं." होतं असं! जीभ कशी झडली नाही माझी?

मग ते स्वतः मिस्त्रीबरोबर भंगारात गेले, डिस्क निवडून आणली, पॅड, नळ्या, तेल नवं घेतलं. दोन वर्षं रखडलेलं काम चार दिवसांत, तेही त्यांच्या खिशातून. मिस्त्री माझ्याकडे असा बघत होता... असा! स्पॅनर पुसत. चूक माझीच हो, ऐकून घ्या!

पिकअप आला. ब्रेकवर पाय ठेवला की जागच्या जागी उभा. आणि जितक्या वेळा तो थांबायचा, तितक्या वेळा मला साडूभाऊंचं ते 'माफ करा' ऐकू यायचं. आठवड्याने मेहुणी आली. डोळे पुसत सांगते, "हे आता गाडीला हात लावत नाहीत. म्हणतात, माझे पाय गेले, शाळा बंद करतो. परवा सगळ्यांची फी परत करणार."

बायको माझ्याकडे बघायला लागली. तिला तीन दाब माहीत होते ना!

तसाच उठलो. साडूभाऊ शाळेत बसले होते, तीस वर्षांची हजेरीपुस्तकं बांधत. मी दारातूनच एका श्वासात सगळं ओकलो. ब्रेक, चहा, लाज, मिस्त्री, सगळं. ते ऐकत होते. मग सावकाश म्हणाले, "म्हणजे... माझा पाय वेळेवर पडला होता?"

म्हटलं, "अगदी वेळेवर."

तुम्हाला सांगतो, त्या माणसाने मला शिवी नाही दिली. खुर्चीत बसून रडला हो! मग डोळे पुसले, पुस्तकांची दोरी सोडली आणि म्हणाला, "खर्चाचं नंतर बघू. दर नव्या तुकडीपुढे तुम्ही हे सगळं उभं राहून सांगायचं. काही न गाळता."

तर मंडळी, तुमची ही सहावी तुकडी. आता आरशांचा तास, तो साडूभाऊ घेतील. मी येतो... छे, घरी कुठला! तिकडे शेवटच्या बाकावर. मलाही नाव घालायला लावलंय. लेखी परीक्षेत दोनदा नापास झालोय.