कोळशाच्या फावड्यावरची भाकर

आमच्या शेजारची शकू आठवते ना, भुसावळच्या, इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनला दिलेली? जावई आफ्रिकेत रेल्वेत लागला आणि ही त्याच्यामागं गेली. दोन वर्षांनी जळगावला माहेरी आली, तशी मी हातातलं काम टाकून तिच्या ओट्यावर जाऊन बसले.

"ज्वारी मिळते का गं तिथं?"

"नाही अक्का. पांढऱ्या मक्याचं पीठ मिळतं. तेच गरम पाण्यात मळून थापायचं."

"आणि तवा?"

"तवा कुठला. ह्यांनी इंजिनावरचं कोळशाचं जुनं फावडं आणलं, दांडा काढून. ते राखेनं घासलं आणि त्यावरच भाकर टाकली."

"फुगली?"

"अर्धी."

तिची आई तोंडाला पदर लावून हसली.

"जावईबापूंनी खाल्ली का मग?" मी विचारलं.

"ते गाडीवर गेले की चार-चार दिवस येत नाहीत. मी एकटीच. शेजारपाजारची भाषा कळत नाही. मग स्वयंपाक झाला की मीच तुमच्या आवाजात मोठ्यानं विचारायची, 'काय रांधं व माय आज?'"

मलाही हसू आलं. "आणि उत्तर कोण द्यायचं?"

"उत्तराला तुम्ही कुठं थांबता अक्का? सरळ झाकण उघडून बघता. मीही उघडायची."

तिची आई हसता हसता उठली आणि आत ज्वारीचं पीठ काढायला गेली. परतीची बोट कधी आहे, हे मला विचारायचं होतं. ते काही माझ्याच्यानं विचारवलं नाही.