दुसऱ्या कडव्यातला श्वास

प्रयोग संपला. तोंडावरचा रंग पुसून नाटकातला नवा गायक चहाच्या रांगेत उभा राहिला. पुढच्या दोघी बहिणींनी त्याला ओळखलं नाही.

"ताई, ते दोघांचं गाणं काही जमलं नाही बाई."

"नव्याचा गळा गोड आहे की!"

"गोड आहे गं, पण दुसऱ्या कडव्यात नायिका मागे पडली आणि हा एकटाच पुढे पळाला."

"मागे नाही पडली. थांबली."

"कशाला?"

"आधी तिचा नवरा गायचा ना तिच्याबरोबर, त्याला दमा होता. त्या जागी तो श्वास घ्यायचा."

"अगं, पण त्याला जाऊन वर्ष होत आलं."

"थांबते अजून."

"मग या नव्यानं करायचं तरी काय?"

"तिथं श्वास घ्यायचा. लागत नसला तरी."